उतरलेली बॅटरी म्हणजे बाद बॅटरी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीन-चार आठवडे उभी असलेली गाडी सेल्फ मारल्यावर नुसती ‘टक टक टक’ करते. मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो, ‘बॅटरी गेली’ म्हणतो आणि तासाभरात नवी बॅटरी बसते. क्वचित चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रकार फार सर्रास होतो. उतरलेली बॅटरी नीट चार्ज केली तर ती पुढे बराच काळ साथ देऊ शकते. उलट गाडीतच कुठे करंट गळत असेल, तर नवी कोरी बॅटरीही महिन्याभरात तशीच बसते. यातले नेमके काय झाले आहे हे एका साध्या मल्टिमीटरने (व्होल्टेज आणि करंट मोजणाऱ्या मीटरने) आणि चार्जरने घरीच कळते, म्हणून हे पत्र.

गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ आणि कॉम्प्युटरची मेमरी थोडा थोडा करंट घेतच असतात. २० ते ५० मिलिअँपिअर इतका खप स्वाभाविक आहे. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-तास; बॅटरीची क्षमता यातच मोजतात). म्हणजे ३५ अँपिअर-तासांची चांगली, पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा पंधरा दिवसांत अर्ध्यावर येते. खरे नुकसान त्यापुढे होते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमते. ते ताजे असताना चार्जिंगने निघून जाते, पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की त्याचे टणक स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्यामुळे उतरलेली बॅटरी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवू नये.

तपासणीची सुरुवात व्होल्टेजपासून करावी, पण गाडी नुकतीच चालवलेली किंवा चार्जर नुकताच काढलेला नसावा. तेव्हा दिसणारे व्होल्टेज वरवरचे, फुगलेले असते. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी, दार उघडण्याआधीच बॉनेट उघडता आले तर उत्तम. मीटरच्या सळया थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर (टर्मिनलवर) टेकवाव्यात, त्यांवर आवळलेल्या वायरींच्या क्लॅम्पवर नव्हे. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. रात्रभर चार्जरवर ठेवूनही १०.५ व्होल्टच्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे असे समजावे. काही बॅटऱ्यांवर हिरवा ‘डोळा’ असतो, त्यावर विसंबू नये. तो एकाच सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, दाखवतो, बाकीच्या पाचांबद्दल काहीच सांगत नाही.

पण १२.० दिसले म्हणून बॅटरी बाद ठरवायची नाही. उतरलेल्या बॅटरीची कसलीही चाचणी निरर्थक असते. आधी ती पूर्ण भरायची. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट योग्य, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. निम्मी उतरली असेल तर पाच तासांचे गणित दिसते, पण शेवटी शेवटी बॅटरी करंट कमी कमी घेत जाते, म्हणून आठ-दहा तास धरावेत. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी प्लेटांच्या वर आहे ना ते पाहावे, कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड कधीही नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

मग भाराची चाचणी. मीटर खुंटांवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा क्षणभर खाली येतो आणि इंजिन फिरू लागताच सावरतो. चांगली बॅटरी सहसा १० च्या वर राहते. पूर्ण भरलेली बॅटरी नेहमीच्या हवामानात ९.६ च्या खाली कोसळली, तर ती थकली आहे, बदलावी. आणि सेल्फ मंद फिरतो, पण मीटर ११ च्या वरच राहतो, असे झाले तर? तिथे बॅटरीला दोष देऊ नका, दोष वायरीत, अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या बॉडीशी असलेल्या जोडणीत) किंवा खुद्द सेल्फमध्ये आहे. तसाच सेल्फ मारत असताना एक सळई खुंटाच्या मधोमध आणि दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर ठेवून पाहावी. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. अर्धा व्होल्ट दिसला तर क्लॅम्प आणि खुंट यांच्यात काळपट थर बसला आहे. बाहेरून तो दिसतही नाही. क्लॅम्प काढून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासावेत. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट.

बॅटरी चार्ज धरत नाही की गाडी तो खाते, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पूर्ण भरून, एक रात्र थांबून व्होल्टेज लिहून ठेवा, निगेटिव्ह काढा आणि तीन दिवस तशीच राहू द्या. सुटी ठेवूनही १२.४ च्या खाली गेली तर दोष बॅटरीत आहे. सुटी असताना टिकते आणि जोडल्यावर उतरते, तर दोष गाडीत आहे. (निगेटिव्ह काढण्याआधी किल्ली खिशात आहे ना, आणि रेडिओला कोड लागतो का, हे बघून घ्या.)

गाडीतली गळती मोजायची तर मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून निगेटिव्ह खुंट आणि काढलेला क्लॅम्प यांच्यामध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला अर्धा ते एक तास घेतात, त्याआधीचा आकडा फसवा असतो. त्यानंतरही २००-३०० मिलिअँपिअर दिसत असतील तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेकदा तो बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर निघतो, नाहीतर न विझणारा डिकीतला दिवा. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर आल्टरनेटरचा (इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) डायोड तपासून घ्यावा.

‘आठवड्यातून दहा मिनिटे उभ्यानेच चालू ठेवतो’ या उपायावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. सेल्फ स्वतः फार खात नाही: १५० अँपिअर तीन सेकंद म्हणजे जेमतेम ०.१२५ अँपिअर-तास, तेवढे तर गाडी उभी असताना अडीच तासांत जातात. पण आठवडाभरात गेलेले ८.४ अँपिअर-तास दहा मिनिटांत भरायचे तर बॅटरीत सलग ५० अँपिअर गेले पाहिजेत, आणि आयडलिंगला ते होत नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते ते वेगळेच. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी. तेही जमत नसेल तर व्होल्टेज आपोआप सांभाळणारा मेंटेनन्स चार्जर लावावा किंवा निगेटिव्ह काढून ठेवावा.

गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती आहे, बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे बिलावर लिहून द्या: चार्ज करून रात्रभर ठेवल्यानंतरचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि गाडी झोपल्यावरचा करंट. ग्राहकांनीही ते मागून घ्यावेत. आणि स्टार्ट-स्टॉप असलेल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या) गाडीत बॅटरी बदलायचीच वेळ आली, तर मूळची ज्या प्रकारची आहे त्याच प्रकारची बसवून घ्यावी. तिथे साधी बॅटरी टिकत नाही.

आपला नम्र,
एक वाहन-विद्युत तंत्रज्ञ