गोळी चुकते ती हलगर्जीपणामुळे नव्हे

महोदय,

बीड जिल्ह्यातील एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या सरकारी केंद्रावर, मी अकरा वर्षे समुपदेशक होते. एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. असे असूनही रुग्ण मध्येच गळतात, तेव्हा ‘हलगर्जीपणा’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडते, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाही. बरोबरच्या गोळ्या मात्र महिना-दोन महिन्यांत संपतात. त्या आणायला गावाकडे यायचे म्हणजे कोयत्याचा (तोडणीच्या कामाचा) खाडा, त्याचा दंड, शिवाय ‘कशाला चाललीस?’ या मुकादमाच्या प्रश्नाला द्यायचे उत्तर. आणि दंडापेक्षा हे उत्तरच जड जाते.

माझ्याकडे येणारी एक बाई गोळ्यांच्या डबीत कापूस कोंबून ठेवायची, कारण पाचटाच्या कोपीतला (झोपडीतला) खुळखुळाट शेजारच्या कोपीत ऐकू जाई. डबीवरचे लेबल तिने भिजवून, नखाने खरवडून काढले होते. सगळे झोपल्यावर ती गोळी घ्यायची. रात्री गाडी भरायची पाळी आली की गोळीही राहून जायची. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, वाढला, तेव्हा तिला रागावणाऱ्यांत मीही होते, याची मला आजही खंत वाटते. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. उलट त्या नियमित घेतल्या आणि विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे तिला आम्ही कधी नीट बसवून सांगितलेच नव्हते.

करोनाच्या टाळेबंदीत तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता आल्या. मग ज्यांची तब्येत स्थिर आहे, अशा तोडणी कामगारांना हंगामाला निघतानाच पूर्ण हंगामाचा साठा का देऊ नये? परगावच्या एआरटी केंद्रातूनही तात्पुरती औषधे घेता येतात, ही माहिती टोळी निघण्यापूर्वी प्रत्येकापर्यंत पोहोचली पाहिजे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. मग गोळ्याही साध्या, आवाज न करणाऱ्या पाकिटात द्याव्यात. आरोग्य विभागाने हे सारे यंदाच्या टोळ्या निघण्याआधी करावे, ही विनंती.

– एक निवृत्त समुपदेशक, जि. बीड