तारे आतल्यांसाठी, खांब बाहेरच्यांच्या आड

महोदय,

मोटार घेताना मायलेजआधी ‘किती स्टार?’ हे विचारण्याची सवय ग्राहकांना लागू लागली आहे आणि त्याचे बरेचसे श्रेय 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचण्यांना, म्हणजे मोटारींची धडक-चाचणी घेऊन सुरक्षेचे तारे देणाऱ्या योजनेला, द्यायला हवे. मात्र हे तारे मुख्यतः मोटारीत बसलेल्यांच्या बचावाचे आहेत. पादचाऱ्याला धडक बसल्यास इजा कमी व्हावी, अशी एक अट त्यात आहे. परंतु तो पादचारी चालकाला मुळात दिसतो का, याला सध्याच्या पद्धतीत गुण नाहीत.

पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना टपाला आधार देणारे खांब, म्हणजे ए-पिलर, गाडी उलटली तरी टप चेपू नये म्हणून जाड होत गेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या 125 क्रमांकाच्या वाहन नियमानुसार अशा एका खांबाने 6 अंशांपेक्षा अधिक दृश्य अडवू नये. 6 अंश ऐकायला किरकोळ वाटतात; पण 20 मीटरवर त्यांची रुंदी 2 मीटरहून जास्त भरते, आणि तेवढ्या जागेत मोटारसायकल स्वारासह लपते. शिवाय दोन वाहने स्थिर वेगाने एकाच चौकाकडे येत असतील आणि त्यांची गाठ तिथे पडणारच असेल, तर ती एकमेकांना सतत एकाच कोनात राहतात. त्यामुळे सुरुवातीला खांबाआड असलेली दुचाकी अगदी शेवटपर्यंत खांबाआडच राहू शकते. ‘कुठून आली कळलेच नाही,’ असे सांगणारा चालक दरवेळी खोटे बोलत असतो असे नाही.

मी स्वतः गेल्या वर्षी जुनी गाडी काढून नवी, भरपूर ताऱ्यांची गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात उजवीकडे वळताना रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई मला बॉनेटजवळ आल्यावर दिसल्या. तेव्हापासून वळताना मी मान पुढे-मागे करून पाहतो. (खांबालगत मोबाइलचे स्टँड बसवणाऱ्यांना काय म्हणावे!)

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची आणि सुमारे 19 टक्के पायी चालणारी होती. या मृत्यूंपैकी किती खांबामुळे झाले, हे या आकड्यांतून कळत नाही. पण ज्यांना चालकाने पाहणे सर्वांत गरजेचे, तेच येथे सर्वाधिक मरतात, एवढे निश्चित.

खांब पुन्हा बारीक करा, असे माझे म्हणणे नाही. 2001 मध्येच व्होल्व्होने एका प्रायोगिक मोटारीत आरपार दिसेल असा जाळीदार खांब करून दाखवला होता. लंडनमध्ये 12 टनांवरील मालट्रकना, चालकाला केबिनमधून थेट किती दिसते, यावर तारे दिले जातात आणि ते कमी पडल्यास जादा सुरक्षा साधने बसवल्याशिवाय शहरात परवाना मिळत नाही. ‘भारत एनकॅप’नेही चालकाच्या थेट दृष्टीचे असे मोजमाप करून ते ताऱ्यांच्या शेजारी छापावे. तोवर ग्राहकांनी शोरूममध्ये चालकाच्या जागी बसून, घरातल्या कुणाला तरी खांबाच्या रेषेत उभे करून पाहावे.

– एक वाचक, पुणे