कमतरता बी-१२ची, उपाय कच्च्या काळजाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका तरुणाची मुलाखत छापलीत. तीन वर्षं काटेकोर व्हीगन (मांस, अंडी, दूध काहीच न खाणारा) राहिला, अंगातली ताकद गेली, मग कच्चं मांस आणि कच्ची कलेजी (काळीज, म्हणजे यकृत) खायला लागला आणि दीड महिन्यात 'नवा जन्म' झाला, अशी ती कहाणी. मुलगा खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याला बरं वाटलंच असणार. पण का वाटलं, हे पानभर मुलाखतीत कुठंच आलं नाही, म्हणून हे पत्र. मी एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त आणि शौच तपासण्याचं काम केलं आहे, आणि हीच कहाणी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडली आहे.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. एका तबेल्यात म्हशीपासून तोडून बांधलेलं रेडकू त्यानं पाहिलं आणि त्या दिवसापासून दूध सोडलं. मटण-अंडी तर आधीच सुटली होती. आमच्या घरात बुधवार-रविवार मटण शिजतं, तरी त्याच्या या निर्णयाची कुणी थट्टा केली नाही. सुट्टीत आला की त्याच्यासाठी वेगळं पिठलं, तूप न लावलेली भाकरी, बिनदुधाचा चहा. दुसऱ्याच्या जिवाची कणव येऊन कुणी ताटातला पदार्थ बाजूला सारत असेल, तर त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांनी त्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. थकवा तर होताच. एकदा सहज म्हणाला, "मावशी, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो गं, बेसिन धरावं लागतं." माझ्या पोटात गोळाच आला. पाय कुठं टेकलाय याची खबर मेंदूला देणाऱ्या नसा कमजोर झाल्या की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा असतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. पुण्यात त्यानं एका डॉक्टरांना दाखवलं होतं. हिमोग्लोबिन व्यवस्थित, म्हणून जागरण कमी करा एवढंच सांगून पाठवलं होतं. इथंच फसगत होते. पालेभाज्या आणि कडधान्यं भरपूर खाणाऱ्याला फॉलिक आम्ल भरपूर मिळतं, त्यामुळे बी-१२ हे जीवनसत्त्व संपत आलं तरी रक्ताचा अहवाल बराच काळ चांगला दिसतो आणि आतून नसा मात्र झिजत राहतात. (हे फॉलिक आम्ल ज्या शोधातून पुढं आलं, तो शोध आपल्या मुंबईतला. १९२८पासून ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर इथं गिरणी कामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या आणि तो साध्या मार्माइटनं (यीस्टच्या अर्कानं) बरा होतो हे त्यांनी दाखवलं. आमच्या पेशातल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं.)

मी त्याला बी-१२ तपासायला लावलं. आकडा आला ९८. निदान दोनशेच्या वर तरी हवा. मी फोनवर गोळ्या-इंजेक्शनांसाठी डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि निश्चिंत झाले. तो गेलाच नाही. जिममधल्या कुणीतरी त्याला सांगितलं की शरीराला 'जिवंत' अन्न हवंय. पुढचं काम मोबाइलवरच्या रील्सनी केलं.

महिन्याभरानं त्याच्या खोलीवर गेले. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर मधल्या फळीवर स्टीलचा उघडा डबा, त्यात बकऱ्याच्या काळजाचे जांभळट काप आणि डब्याच्या कडेवरून ओघळून खालच्या कोथिंबिरीच्या जुडीवर वाळलेली रक्ताची रेघ. तीच कोथिंबीर त्याचा खोलीतला जोडीदार पोह्यांवर घालत होता. मी बोलायला लागले तर भाचा म्हणाला, "आपले पूर्वज काय कुकर घेऊन फिरत होते काय? आणि मला बरं वाटतंय की!"

खरंच त्याला बरं वाटत होतं. १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी हेच केलं होतं. तेव्हा जीवघेण्या ठरणाऱ्या एका रक्तक्षयाच्या रुग्णांना ते रोज भरपूर काळीज खायला घालत आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसत. १९३४चं नोबेल व्हिपल यांच्यासह त्या दोघांना मिळालं. काळजात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून बिचारे रुग्ण कच्चं किंवा अर्धवट शिजवलेलं काळीज नाक दाबून गिळायचे. पुढं काळजाचा अर्क निघाला आणि ती सक्ती संपली. १९४८मध्ये काळजातून बी-१२चे लाल स्फटिकही वेगळे काढले गेले. माणसाला दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. ते शिजवल्यानं फारसं कमी होत नाही. लसूण-मिरीत नीट परतलेल्या कलेजीचे दोन तुकडेही गरजेपेक्षा कितीतरी जास्त देतात. आणि ज्याला मांस खायचंच नाही, त्याच्यासाठी गोळी आहे. हे जीवनसत्त्व मुळात जिवाणू तयार करतात, प्राणी नव्हे. गोळीतलंही जिवाणूंकडूनच करवून घेतात. म्हणजे माझ्या भाच्याला त्याची कणव सोडायची काही गरजच नव्हती. त्या रेडकासाठी दूध सोडलेला मुलगा रोज बकऱ्याचं काळीज कापत होता, आणि तेही एका गोळीत भागणाऱ्या गोष्टीसाठी. याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

पूर्वजांचं म्हणाल तर, आपल्याकडची जुनी माणसं बकऱ्याचं काही म्हणजे काही वाया घालवत नसत, पण कच्चं? वजडी गरम पाण्यातून काढून, खरवडून, हळद-मीठ लावून मऊ होईस्तोवर शिजवायची. रक्ती परतून कोरडी करायची. मटणाला आधी हळद-मीठ, आलं-लसूण, मग रटरटून अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) काढायचं. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण मटणाच्या विळीवर कांदासुद्धा कापू देत नसे.

तिला जे हातानं कळत होतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. डुकराचं कच्चं किंवा अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी शौचातून, न धुतलेल्या हातांतून, मातीतून आणि भाजीतून दुसऱ्यांच्या पोटात जातात आणि मेंदूत गाठी होऊन फिट येतात. ज्यानं आयुष्यात मांस चाखलं नाही अशा माणसालाही हे होतं. बकऱ्याच्या मांसात हा कृमी नसतो हे खरं. पण टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो, ब्रुसेला हा जिवाणू असू शकतो, आणि कापताना आतड्यातली घाण लागली तर साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जिवाणूही येतात. फ्रिजमध्ये जिवाणू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. जपानसारख्या स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर देशात २०११ साली कच्च्या गोमांसाच्या एका पदार्थानं पाच माणसं दगावली, आणि पुढच्या वर्षी जुलैपासून तिथं हॉटेलांतून कच्चं गोकाळीज वाढायला बंदी आली. आपल्याकडे मटण सकाळपासून उघड्यावर टांगलेलं असतं. तासाभरात घरी नेऊन शिजवलं तर त्यात बिघडत नाही. कच्चं खायचं म्हटलं की सगळंच बिघडतं.

रील्समधल्या पिळदार शरीरांबद्दल एकच सांगते. कच्च्या काळजाचं गुणगान करून जगभर गाजलेल्या 'लिव्हर किंग' ब्रायन जॉन्सन यांनी डिसेंबर २०२२मध्ये आपण स्टेरॉइड घेत होतो अशी कबुली दिली.

भाच्याला सातव्या आठवड्यात ताप भरला, रक्ताचे जुलाब सुरू झाले. शौचाच्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून करतात त्या तपासणीत) साल्मोनेला सापडला. पाच दिवस सलाइनवर होता. त्याच्या खोलीतल्या जोडीदारालाही जुलाब झाले आणि त्यानं तर कलेजीला हातही लावला नव्हता. बरा झाल्यावर भाच्यानं बी-१२ची इंजेक्शनं घेतली, आता गोळी चालू आहे. मुंग्या गेल्या आहेत. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे. उशीर झाल्यामुळे तो पूर्ववत होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. खायला तो पुन्हा पहिल्यासारखा व्हीगन झाला आहे आणि त्याचं उत्तम चाललं आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती. त्या मुलाखतीतल्या तरुणाला कृपया कळवा की त्यानं कच्चं खाणं थांबवावं, बी-१२ आणि शौच दोन्ही तपासून घ्यावं. आणि तुमच्या पुरवणीत दर पंधरवड्याला व्हीगन पाककृती येतात, त्या चौकटीखाली एक ओळ छापत जा: दूधही सोडलं असेल तर बी-१२ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं नियमित घ्या, इडली-ढोकळ्याच्या आंबवणातून किंवा स्पिरुलिनातून ती गरज भागत नाही. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, हेही जागा असेल तर छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोल्हापूर