लाठीमारानंतरचा कागद: एका वकीलताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय वकीलताई,

तुम्ही कुणाकडून फी घेतली नाहीत आणि नाव कुठे छापू नका म्हणालात, म्हणून हे पत्र बिननावाचं. मोर्चा, बंद, रास्ता रोको कव्हर करताना पोलिसांचा मार खाल्लेल्या बातमीदार-छायाचित्रकारांसाठी तुम्ही जे केलंत, त्याचे मोघम आभार तुम्हालाच आवडायचे नाहीत. तक्रारीतला ‘अमानुष’ शब्द खोडून समासात ‘किती वाजता? कुठे? कोणत्या हातावर?’ लिहिणाऱ्या तुम्ही. तेव्हा तपशिलानेच लिहितो.

असा खटला कोर्टात पडत नाही, पहिल्या रात्री सरकारी दवाखान्यात पडतो, हे तुमचं म्हणणं आता शहरातल्या प्रत्येक कॅमेरामनला पाठ आहे. डॉक्टर विचारतात, काय झालं? पत्रकार म्हणतो, गर्दीत लागलं. कधी घाईत, कधी शेजारी हवालदार उभा असतो म्हणून. तेच शब्द एमएलसीच्या, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमीच्या दवाखान्यातल्या नोंदीत जातात आणि पुढे आरोपीच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत मिळतं. म्हणून सांगायचं ते इतकंच: पोलिसाने लाठीने मारलं, अमुक चौकात, अमुक वाजता. लिहिलेलं वाचून घ्यायचं, एमएलसी नंबर टिपायचा. उलटी, गुंगी किंवा कानातून रक्त असेल तर मात्र आधी सीटी स्कॅन, कागद नंतर. हे तुम्ही दर वेळी बजावलंत, आणि ते वकिलाने बजावावं याचं आम्हाला विशेष वाटतं.

लाठीचा वळ बहुधा दोन समांतर लाल रेषांचा असतो, मधली कातडी फिकट. नुसतं पडून असा वळ सहसा उठत नाही. पण समोरून फ्लॅश मारला की त्या रेषा धुऊन जातात. उजेड बाजूने हवा, कॅमेरा वळासमोर सरळ, शेजारी मोजपट्टी. आधी चेहरा आणि जखम एकाच फ्रेममध्ये, मग जवळून. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा फोटो, कारण वळ निळा, हिरवट, पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत नाहीसा होतो.

एक्स-रेचा आग्रह का, हे तर तुमच्यामुळेच उमगलं. साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून देतो आणि प्रकरण तिथेच झोपतं. हाड किंवा दात मोडला असेल तर ती गंभीर दुखापत, दखलपात्र. आणखी एक वाट कलम ११६ मध्ये आहे: दुखापतीमुळे पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही, तरी ती गंभीर. जुन्या दंडविधानात हीच मुदत वीस दिवस होती. खांद्याला मार बसलेला कॅमेरामन चौथ्या दिवशी दुखणं अंगावर काढून ड्यूटीवर गेला, तर ही वाट त्याने स्वतःच बंद केली. फेरतपासणीला जायचं आणि ‘कॅमेरा उचलता येत नाही’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

चित्रणाचं थोडक्यात. मोर्चाआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवायचं. पांगण्याचा आदेश भोंग्यावरून दिला जातो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४८), तो आवाजासकट हवा आणि त्या क्षणी आपण कुठे उभे होतो याची एक वाइड फ्रेम हवी. नंतर ‘जमावात सामील होता’ असं लिहून आलं की हीच फ्रेम कामाला येते. मूळ कार्ड लॉक करून बाजूला ठेवायचं, बातमीसाठी कॉपी वापरायची. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान केला जातो, दर्जा घसरतो, त्यातली वेळेची माहितीही जाते. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, भरावी लागते. चौकातल्या दुकानाचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसून नवं रेकॉर्ड करतो, म्हणून फुटेज जपून ठेवण्याचं पत्र त्याच आठवड्यात. ठाण्यात नेऊन मारलं असेल तर तिथल्या सीसीटीव्हीसाठी वेगळा अर्ज. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही सक्तीचे करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाचा हवाला त्यात हवाच.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, आणि तिथेही काही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे. पोस्टाची पावती हरवायची नाही. २०१७ साली विधिमंडळाने मंजूर केलेला आणि २०१९ मध्ये अंमलात आलेला पत्रकार संरक्षण कायदा तक्रारीत नाव घेऊन लिहायचा: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. कायदा चांगला आहे, पण त्याची पत्रकाराची व्याख्या नोकरी किंवा करारावर उभी आहे. मानधनावरच्या तालुका वार्ताहराकडे कागदच नसतो. संपादकाच्या सहीचं असाइनमेंट पत्र प्रत्येकाच्या खिशात असावं म्हणून तुम्ही मालकांशी भांडलात. याचे आभार वेगळे.

आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याचा खटला सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो, त्यानंतर सरकारची मंजुरी घेऊन दोन वर्षांपर्यंत. ‘बघू, चौकशी चालू आहे’ असं गोड बोलून नेमके हेच सहा महिने काढले जातात. तुम्ही प्रत्येकाच्या फाइलवर शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीत. सरकारी नोकरावर हल्ला करून कामात अडथळा आणल्याचा उलटा गुन्हा, ज्याला सगळे अजून ‘३५३’ म्हणतात आणि आता जो न्याय संहितेचं कलम १३२ आहे, तो आपल्यावरच दाखल होईल या धास्तीने गप्प बसलेल्यांना ती तारीखच उठवून बसवते.

आता तालुक्याच्या वार्ताहरांना हे सगळं एकदा समोर बसवून सांगा, एवढी विनंती. हॉल आणि झेरॉक्सचा खर्च आमच्याकडे.

आपले,
रस्त्यावर काम करणारे बातमीदार, छायाचित्रकार आणि कॅमेरामन