मोलिझेबद्दलही लिहा की

संपादक महोदय,

इटलीवर काही छापून आलं की रोम, व्हेनिस, फ्लोरेन्स, फार तर मिलान, एवढंच असतं. इटलीतल्याच मोलिझे या छोट्या प्रदेशाबद्दल मात्र कुठेच वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र. इटालियन लोक स्वतःच गमतीत म्हणतात की मोलिझे अस्तित्वातच नाही, नेटवर त्याचे मीम फिरतात, आणि मला ते खरंच खटकतं, कारण तिथे अजून तीन लाखांच्या आत का होईना पण माणसं राहतात.

१९६३ मध्ये अब्रुझ्झीपासून वेगळा काढलेला हा इटलीतला सगळ्यात नवा प्रदेश. कांपोबास्सो राजधानी, एड्रियाटिकवर तेर्मोली बंदर, बाकी बहुतेक डोंगर आणि त्यांच्या माथ्यावरची छोटी गावं.

मला सगळ्यात भारी वाटतात ते तिथले त्रात्तुरी, म्हणजे मेंढरांचे रस्ते. थंडी सुरू व्हायच्या आधी अब्रुझ्झीच्या डोंगरातून कळप खाली पुल्या प्रदेशात जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत वर, शेकडो वर्षं हेच. हे रस्ते साधी पायवाट नव्हते, मोठे त्रात्तुरी तर १११ मीटर रुंद! पेस्कास्सेरोली ते कांदेला हा २११ किलोमीटरचा रस्ता सेपिनुम या जुन्या रोमन शहराच्या मधून जातो, ते अवशेष आजही बघता येतात. २०१९ मध्ये युनेस्कोने कळपांच्या या स्थलांतराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मोलिझेतल्याच आन्योने गावात शेकडो वर्षं चर्चच्या घंटा ओततायत, आणि मोंतेमित्रोसारख्या तीन गावांत अजून जुनी क्रोएशियन बोलतात, तीही किती दिवस टिकेल देव जाणे.

तरुण पोरं बाहेर जातात आणि गावं म्हातारी होत चाललीत, हे खरं दुखणं आहे. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात येऊन राहणाऱ्याला तीन वर्षं महिन्याला ७०० युरो देऊ केले, अट एवढीच की तिथे काहीतरी धंदा सुरू करायचा. जगभर बातमी झाली, फुकट पैसे मिळतायत अशी. पण मला वाटतं पैशाने माणूस येईल, राहील का ते शाळा, दवाखाना आणि बस यावरच ठरणार, आणि त्यावर कोणी लिहीत नाही. तुमच्या प्रतिनिधीने त्या गावांत कोण आलं, कोण टिकलं हे लिहिलं तर मी नक्की वाचेन.

आपला,
एक नियमित वाचक