एका ओळीत न बसणारी मुलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकारावर, लेख आला, बरं वाटलं. पण 'या मुलांच्या मेंदूत डोपामीन कमी असतं' हे वाक्य खटकलं. डोपामीन म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं एक रसायन. आमटीत मीठ कमी पडलं, चिमूटभर घाला, इतकं ते सोपं नाही. शिवाय मूल वाढतं तसं आतलं गणितही बदलतं, त्याचा उल्लेखच नाही.

अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एडीएचडी असलेल्या 223 आणि नसलेल्या तितक्याच मुलांचे एमआरआय तपासले. मेंदूचा वरचा थर सर्वाधिक जाड होण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात, या मुलांत साडेदहा निघालं. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या, स्वतःला आवरणाऱ्या भागात. हालचालींचा भाग मात्र किंचित आधीच तयार! हे वाचलं आणि चौथीच्या वर्गातला, पेन्सिलीला टोक करायला तासाला पाचदा उठणारा एक मुलगा आठवला. त्याला मी अंगठे धरून उभं केलं होतं.

रसायनांचंही तसंच. झुरिचच्या 2015च्या अभ्यासात मेंदूच्या आतल्या भागात गाबा हे पेशींना शांत करणारं द्रव्य एडीएचडीच्या प्रौढांत इतरांपेक्षा जास्त आढळलं, मुलांत फरक नव्हता. ग्लुटामीन हे मेंदूतलं दुसरं द्रव्य उलट मुलांत वाढलेलं, मोठ्यांत नाही. अर्थात एडीएचडी असलेली मुलं 16 आणि प्रौढही 16च, आणि तीच मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासलेली नाहीत. एवढ्याशा जोत्यावर माडी चढवू नये.

'मोठा झाला की होईल शांत' हे घरोघरी ऐकू येतं. अर्धं खरं आहे. धावणं, चढणं बऱ्याचदा कमी होतं; विसरणं, काम अर्धवट टाकणं अनेकांत राहतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदान-पुस्तिकेत वयाच्या सतराव्या वर्षापासून पुढे सहाऐवजी पाचच लक्षणं पुरेशी मानली आहेत.

म्हणून आठव्या वर्षी ठरलेला मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा डोस चौदाव्या वर्षी डोळे झाकून चालवू नये, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून बंदही करू नये. डॉक्टरांना पुन्हा विचारावं. पुढच्या लेखासाठी एखाद्या बालमानसोपचारतज्ज्ञाला एवढंच विचाराल का, की आठ, चौदा आणि वीस या तीन वयांत उपचार कसे बदलतात?

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगली