सूचना: विजांच्या दिवसांत अँटेना आणि रेडिओ संच सांभाळा

सर्व सभासदांसाठी,

विजांचा मोसम तोंडावर आला आहे. छतावर किंवा मनोऱ्यावर अँटेना असलेल्या प्रत्येकाने आपली जोडणी या आठवड्यातच तपासावी, ही कळकळीची विनंती.

वीज थेट अँटेनावरच पडायला हवी असे नाही. जवळपास पडली तरी लांब केबलमध्ये व्होल्टेज एकदम उसळते आणि रिसीव्हर जळू शकतो. म्हणून संच वापरात नसताना कोअ‍ॅक्स (अँटेनापासून संचापर्यंत येणारी केबल) काढूनच ठेवा. काढलेले टोक टेबलामागे लोंबकळत सोडू नका. ते घराबाहेर, अर्थिंगला जोडलेले असावे. रोटेटरची (अँटेना फिरवणाऱ्या मोटरची) वायर, विजेचा प्लग आणि नेटवर्क केबल यांचा हमखास विसर पडतो. तीही काढा.

अरेस्टर (व्होल्टेजची उसळी जमिनीत वळवणारे उपकरण) केबल घरात शिरते तिथेच, बाहेरच्या बाजूला बसवा. अर्थिंगची तार जाड, आखूड आणि शक्य तितकी सरळ हवी. काटकोनात वळवू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अँटेनाचे अर्थिंग आणि घराच्या वीजजोडणीचे अर्थिंग एकमेकांना जोडलेलेच हवे. दोन्ही वेगळी राहिली तर वीज पडताक्षणी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि प्रवाह तुमच्या संचातूनच वाट काढतो. हे काम जाणकार, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. गंजलेले क्लॅम्प बदला.

थेट पडलेल्या विजेपुढे अरेस्टर टिकेलच असे नाही. त्यामुळे केबल ढग जमायच्या आधीच काढा. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र, संच जोडलेला राहिला असला तरी, केबलला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबा.